मंगळवारी गाडी चालू झाली नाही

"मार सेल्फ," अण्णा बॉनेटच्या आडून म्हणाले आणि मी चावी फिरवली.

इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण पेट घेईना. नुसतीच खर्र खर्र. मी सीटच्या पुढच्या कडेवर बसले होते, कारण सातवीत माझी उंची अशी अडनिडी होती की पाय ॲक्सिलरेटरला लावला तर काचेतून रस्ता दिसायचा नाही आणि रस्ता बघायला गेलं तर पाय सुटायचा. त्या दिवशी रस्त्याची गरजच नव्हती. आमची पांढरी फियाट बॉनेट वर करून अंगणातच उभी होती.

"सोड. बॅटरी उतरंल."

मी चावी सोडली. गल्लीच्या टोकाला मंडळाची पोरं संध्याकाळच्या विसर्जनासाठी ट्रॅक्टर सजवत होती. त्यांचा ताशा मधूनच वाजायचा आणि कुणीतरी रागावल्यासारखा गप्प व्हायचा. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून आबा बसले होते. आबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. त्यांचं घर शेजारी, पण आमच्या घरातलं काय करायचं ते त्यांच्याच अंगणात ठरायचं. आणि उंबऱ्याच्या आत वैजूताई उभी होती. मोरपंखी साडी, ओटीचे तांदूळ पदराच्या गाठीत, पायाशी बॅग आणि लाडवांचा डबा.

तिला सासरी पोचवायचं होतं, जतच्याही पुढं. आणि तिला जायचं नव्हतं.

हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ताई गौरीला म्हणून माहेरी आली होती आणि गौरी गेल्या तरी राहिली होती. दाजींनी एकदा अशी थप्पड मारली होती की तेव्हापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आईनं ते ओळखलं, कारण ताई जेवायला बसताना उजवी बाजू आमच्याकडं करून बसायला लागली होती. काकी म्हणाल्या, मळ साठला असंल, कोमट तेल घाल. आईनं तेल घातलं. घालताना दोघी रडल्या, तेव्हा मळ नाही हे मलासुद्धा कळलं.

सासरहून निरोप आला होता: पितृपंधरवडा लागायच्या आत पाठवली तर पाठवली, नाहीतर कायमची ठेवून घ्या. पंधरवडा परवापासून लागत होता. उद्या बुधवार, आणि बुधवारी आमच्याकडं लेक सासरी धाडत नाहीत. जाशील बुधी, येशील कधी, असं म्हणतात. म्हणजे हातात होता तो फक्त आजचा मंगळवार. आज ताई गेली तर गेली. नाही गेली तर सुटली.

आणि आबांचा हट्ट होता की लेक बापानं स्वतःच्या गाडीतून पोचवायची. एसटीत बसवून दिली की सासरचे म्हणणार, ओझं टाकलं.

म्हणून सगळे फियाटकडं बघत होते.

अण्णा सूतगिरणीत टाइमकीपर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवायची आणि घरी आलं की बॉनेट उघडायचं, हे त्यांचं आयुष्य. गाडी त्यांनी कधी गॅरेजला नेली नाही. आई म्हणायची, या माणसाला राग आला तरी बॉनेट, आनंद झाला तरी बॉनेट. घरात बोलाचाली सुरू झाली की अण्णा उठून बाहेर जायचे आणि थोड्या वेळानं पान्ह्याचा आवाज यायचा. ताईच्या कानाचं आईनं त्यांना सांगितलं, त्या दिवशीही ते एक शब्द बोलले नाहीत. मी मागोमाग गेले, तर चारी प्लग काढून पुसत बसले होते. प्लग आधीच लखलखीत होते.

मला ते सगळं शिकवायचे. मुलगा नाही म्हणून वगैरे नव्हे. मी सतत तिथं लुडबुडायचे आणि प्रश्न विचारायचे, त्यामुळं शिकवण्यावाचून त्यांना सुटकाच नव्हती. गाडी चालू होत नसेल तर दोनच गोष्टी बघायच्या, पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. करंट बॅटरीतून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून डेल्कोत, आणि डेल्को तो चार प्लगांना वाटून देतो. डेल्को म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेली काळ्या झाकणाची डबी. झाकणातून वायरी निघतात, म्हणून लहानपणी मला तो कोळी वाटायचा. त्याच्या पोटात दोन बारके पॉइंट असतात, उडदाच्या दाण्याएवढे. ते उघडझाप करतात म्हणून ठिणगी पडते. त्यांच्यातली फट बरोब्बर लागते. गॅरेजवाले पातळ पत्र्याचं माप घालून फट लावतात. अण्णा जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून घालायचे. आमच्या देव्हाऱ्यामागं पत्रिकांचा गठ्ठाच होता. पट्टी पॉइंटमध्ये धरायची, स्क्रू आवळायचा, पट्टी ओढून काढायची. काढलेली पट्टी ते सुताराच्या पेन्सिलीसारखी कानावर खोचायचे आणि विसरून जायचे. एकदा तसेच गिरणीत गेले, तर फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, कुणाचं लग्न आहे?

त्या सकाळी मी प्लग इंजिनाला टेकवून बघितला होता. ठिणगी नव्हती. पेट्रोलचा प्रश्न नाही, करंटचा आहे, असं मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मला वाटलं होतं, आबा निदान भुवई तरी वर करतील.

"दिनू," ते अण्णांना म्हणाले, "कंपाउंडरनं रोग सांगितला. डॉक्टर औषध कवा देणार?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बॅटरीची टोकं खरवडली. मग पेपर पसरून चारी प्लग त्यावर ओळीनं मांडले, पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले, उजेडाकडं धरून बघितले. पूजा मांडावी इतकं सावकाश. मी दोनदा म्हणाले, डेल्को उघडूया. उघडतो, म्हणाले. आणि कार्बोरेटर सोडायला बसले. कार्बोरेटर! करंट नाही हे ठरल्यावर कार्बोरेटर सोडणं म्हणजे पाय मोडल्यावर दात तपासण्यासारखं. मला वाटलं, ताईला सोडायचंय म्हणून अण्णांचं चित्त थाऱ्यावर नाही, आणि मला त्यांची दयाच आली.

मला स्वतःला काय हवं होतं, ते खरं सांगायचं तर दोन होतं. गाडी चालू होऊ नये आणि ताई राहावी, हे एक. आणि गाडी का बंद आहे ते मला कळलंच पाहिजे, हे दुसरं. हे दुसरं माझ्यात कायमच जास्त जोरात असतं.

आबांनी आमच्या घरात जाऊन ताईच्या सासरी फोन लावला. निघायला उशीर होतोय, पण लेक येतीय, असं त्यांना कळवायचं होतं. बोलायला अण्णांनाही आत बोलावलं. अंगणात मी एकटी राहिले. डेल्कोच्या झाकणाच्या दोन्ही क्लिपा मी बोटानं उडवल्या, झाकण बाजूला केलं आणि आत बघितलं.

पॉइंटमध्ये पत्रिकेची पट्टी होती.

मला हसूच फुटलं. एवढी सकाळ घातली आणि निघालं हे! अण्णा पट्टी काढायचे विसरले. पट्टी मध्ये असली की पॉइंट एकमेकांना टेकत नाहीत, टेकले नाहीत की ठिणगी नाही, मग वर कितीही प्लग घासा. ती ओढून काढायला मी बोट घातलं, पण धरायला काही मिळेना. पट्टीला शेपूटच नव्हतं. माप घ्यायची पट्टी लांब ठेवायची असते, ओढता यावी म्हणून. ही कात्रीनं अगदी आखूड कापली होती, दुहेरी घडी घातली होती आणि आतवर दाबून बसवली होती.

मागं चप्पल वाजली. अण्णा होते.

"अण्णा, सापडलं," मी म्हणाले. का कोण जाणे, पण कुजबुजून म्हणाले.

ते वाकले. पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. कपाळावर एक काळा फराटा होता, तो त्यांनी मनगटानं पुसायला जाऊन आणखी पसरवला.

"काही नाही तिथं," ते म्हणाले. "झाकण लाव."

मी झाकण लावलं. एक क्लिप, दुसरी क्लिप.

त्यानंतरचा सगळा वेळ मी आयुष्यात पहिल्यांदाच नाटक केलं, आणि फार चांगलं केलं. आबा बाहेर येऊन म्हणाले, ढकला. मंडळाच्या पोरांना हाक मारली. त्यांचे हात गुलालानं भरलेले, डिकीवर पाच-सहा लाल पंजे उमटले. अण्णांनी मला स्टिअरिंगवर बसू दिलं आणि स्वतः मागं ढकलायला गेले. गल्लीच्या उतारावर मी सेकंड गिअर टाकून क्लच सोडला. गाडीनं हिसका खाल्ला, चारदा उचक्या दिल्या आणि थांबली. पोरं म्हणाली, अजून एकदा. अजून एकदा झालं. मग तीच गाडी चढावर ढकलत परत आणावी लागली आणि पोरं म्हणाली, काका, ह्यापरीस ट्रॅक्टर घ्या.

मी इतका छान चेहरा पाडला की काकींनी मला पाणी आणून दिलं.

"कॉइल गेलीय," मी जाहीर केलं. "सांगलीशिवाय मिळायची नाही."

अण्णा इंजिनात वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही. आबा मात्र बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग खुर्चीवरून उठले आणि चपला घालून गल्लीतून निघून गेले. मला वाटलं, हरले.

मी स्वयंपाकघरात पळाले. ताई तिथं पाटावर बसली होती, तीच साडी, तीच गाठ. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि तिच्या कानात सगळं सांगितलं. पट्टी, घडी, झाकण लाव.

"अण्णांनी?" ती म्हणाली.

"अण्णांनीच."

मी थट्टा करतेय का ते तपासल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती हसली. गौरी आल्यापासून तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. आधी खांदे हलले आणि आवाज मागून आला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही, पण तिचं थापणं एकदम भरभर व्हायला लागलं. ताईनं पदराची गाठ सोडली. ओटीचे तांदूळ, हळकुंड, सुपारी. हळकुंड-सुपारी तिनं देवापुढं ठेवली आणि तांदूळ जाऊन तांदळाच्या डब्यात ओतले.

"राहायचंच आहे तर भात तरी होऊ दे," ती म्हणाली.

आई म्हणाली, ओटीचे परत ओतू नयेत गं. पण रागावली नाही. ताईनं अंबाडा सोडला, माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं आणि विचारलं, डेल्को म्हणजे नक्की काय असतं? मी पोळपाटावर पिठानं चित्र काढून तिला दाखवत होते, तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला.

आबा वडापची, म्हणजे भाडं घेऊन सवाऱ्या नेणारी, जीप घेऊन आले होते. मिरजेवरून पुढं जतला जाणारी. आत आधीच माणसं दाटीवाटीनं बसली होती, टपावर पोती होती. आबा पुढून उतरले.

"पुढची सीट धरलीय," त्यांनी सांगितलं. "ह्याच गाडीतनं सरळ जतला. तिथं स्टँडवर जावईबापू यायलेत. मी फोन केलाय."

अण्णा बॉनेटपाशी उभे होते, हातात फडकं. आई दारात आली. काकी आल्या. जीपमधली माणसं बाहेर बघायला लागली. आबांनी आवाज खाली आणला. मी त्यांचा आवाज खाली आलेला क्वचितच ऐकला होता.

"दिनू, लगीन मी जमिवलं, त्यामुळं बोल लागला तर मला लागंल. पण लेक तुझी हाय. न्हाई पाठवायची, असं तू सांग. आत्ता सांग. मी जीप माघारी लावतो आन सासरच्यांस्नी काय सांगायचं ते मी सांगतो."

हे मला आजही स्पष्ट आठवतं, कारण त्या क्षणी मला वाटलं की झालं, जिंकलो. दारच उघडून दिलं होतं आबांनी. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. सकाळपासून अण्णांनी जे पॉइंटमध्ये घालून ठेवलं होतं, ते फक्त बाहेर काढून तोंडानं म्हणायचं होतं.

अण्णांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"बॅग टपावर बांधाय लागंल," ते म्हणाले.

मग आबा म्हणाले, बरं तर, तू निदान संगं जा, लेकीला एकटी कशी धाडायची. अण्णा म्हणाले, गाडी उघडी पडलीय, सगळी खोलून ठेवलीय, अशी टाकून कसा येऊ. आबांना स्वतःला मंडळाच्या मिरवणुकीचं बघायचं होतं. जीपमधल्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, मी जतपातूर हाय, बसवा पोरीला माझ्याशेजारी.

ताई आतून आली. केस तसेच घाईनं बांधलेले. तिनं आईच्या पाया पडून घेतलं, काकींच्या, आबांच्या. अण्णा जीपच्या मागच्या शिडीवर चढून बॅगेला दोरी बांधत होते, मी खालून दोरीचं टोक धरलं होतं. ताई शिडीपाशी आली. बाकीचे लांब होते.

"अण्णा," ती म्हणाली, "हर्षूनं मला सांगितलं. माझ्यासाठी गाडी बंद पाडलीत."

दोरी माझ्या हातात एकदम सैल पडली.

"एकदा तोंडानं म्हणा, जाऊ नको. मी जात नाही."

अण्णांनी गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. खाली उतरले. त्यांचे ओठ हलल्यासारखे मला वाटले, पण ताशा परत सुरू झाला होता. मग ते म्हणाले,

"खिडकीपाशी बस. मधी हवा लागत नाही. तुला उलटी होते."

ताई पुढं गेली आणि म्हातारीला सरकायला सांगून खिडकीपाशी बसली. जीप निघाली तेव्हा तिनं मागं बघितलं नाही.

अंगण रिकामं झालं. आई आत गेली. अण्णा फियाटपाशी आले, दोन्ही क्लिपा उडवल्या, चिमट्यानं पट्टी काढली आणि सवयीनं कानावर खोचायला गेले. ती राहण्याएवढी लांब नव्हती. खाली पडली. त्यांनी झाकण लावलं, आत बसले, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. अण्णांची गाडी नेहमी तशीच चालू व्हायची. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. त्यांनी ती बंद केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसून राहिले.

शेजारच्या अंगणात आबा थांबले होते. कमरेवर हात ठेवून बघत होते.

"आता चालू झाली व्हय," ते म्हणाले, आणि घरात गेले.

दिवे लागायच्या सुमाराला सासरहून फोन आला. जीप पोचली, पण ताई तिच्यात नव्हती. आबा आणि अण्णा त्याच फियाटनं निघाले. गावच्या चौकात मिरवणूक आडवी होती, त्यांना वाट मिळेना. मी गच्चीवरून ती पांढरी गाडी गुलालात थांबलेली बघत होते. परत आले तेव्हा ती पांढरी राहिली नव्हती. जीपवाल्यानं सांगितलं होतं, मिरजेला गाडी थांबली तेव्हा पोरगी पाणी आणते म्हणून उतरली आणि बॅग काढून द्या म्हणाली. पाणी आणायला बॅग कशाला, असा विचार त्याच्या मनात आला होता, पण तो म्हणाला, मी कोण विचारणारा.

काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. ताई रेल्वेनं नसीमकडं गेली होती; दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या आणि नसीम आता तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. फोन आईनं घेतला. ताईनं एवढंच सांगितलं की मी बरी आहे, शोधायला येऊ नका, आलात तर इथूनही जाईन. दाजींनी पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. पत्रिका आमच्याकडं आली नाही.

आता मी दहावीत आहे. पाय ॲक्सिलरेटरला पोचतात आणि रस्ताही दिसतो. आमच्या मुख्याध्यापिकांची स्कूटर बंद पडली की मला वर्गातून बोलावणं येतं, आणि वर्गात माझं तोंड बंद करायला बाईंना दोनदा टेबल वाजवावं लागतं. शाळेच्या वादविवादात मी जिल्ह्यापर्यंत गेले. आई म्हणते, सगळ्या घरादाराचं बोलणं ह्या एकीच्या वाट्याला आलंय. ते ती कौतुकानं म्हणत नाही.

ताई नर्सिंगचा कोर्स करते. घरी आलेली नाही, दिवाळीलाही नाही, आई आजारी होती तेव्हाही नाही. रविवारी फोन करते. आईशी बोलते, माझ्याशी बोलते. पहिल्या वर्षी एकदा अण्णांनी फोन उचलला तर तिनं लगेच ठेवून दिला. तेव्हापासून ते उचलत नाहीत. पण रविवारी ते बॉनेट उघडत नाहीत. पेपर घेऊन फोनच्या खोलीत बसतात. बेल वाजली की टीव्हीचा आवाज बारीक करतात. मी फोन ठेवला की विचारतात, काय म्हणाली? जेवण नीट मिळतंय का तिला, विचारलंस का? रात्रपाळी असते का? मी सगळी उत्तरं देते. कधीकधी विचारलेलं नसलं तरी देते.

गेल्या रविवारी ताई हॉस्टेलच्या मेसमधल्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत होती आणि अण्णा पेपराच्या आडून मला खुणावत होते. हातानं घास घेतल्यासारखं. जेवते का विचार. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्यांनी परत खूण केली. मला काय झालं कोण जाणे. मी उठले आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच विचारा," मी म्हणाले.

त्यांनी तो गरम भांडं धरावं तसा धरला. मग कानाला लावला. आतून ताईचा आवाज बारीक ऐकू येत होता, हर्षू, ऐकतीयेस का, हॅलो, हॅलो. अण्णांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. मी त्यांच्या समोर उभी होते आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी शब्द ढकलत होते, जेवलीस का, एवढंच, जेवलीस का.

ताईचं हॅलो हॅलो थांबलं. फोन ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

आतल्या खोलीत आईनं नळ बंद केला. ती पण ऐकत असणार. अण्णा तसेच, ताई तिकडं तशीच. शेवटी त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला, चपला शोधल्या, त्या दाराशीच होत्या, आणि बाहेर गेले.

मी फोन कानाला लावला. ती होती.

"तेच होते ना?" ताईनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

माझ्याकडं कशालाही उत्तर असतं. या वेळीही दोन-तीन तयार होती.

"काहीच म्हणाले नाहीत," मी सांगितलं.

तिच्यामागं कुणीतरी मोठ्यानं हसत जिना उतरत होतं.

"बरं," ताई म्हणाली. "पुढच्या रविवारी परत दे त्यांच्याकडं."